रस्त्याच्या काँक्रीटमध्ये राख आणि तारा

फळ्यावर लिहिताना खडू मोडतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. पण तो नेमका कसा मोडतो याकडे एकदा मुद्दाम पाहा. नवा खडू उभा धरून दोन तळव्यांमध्ये सरळ दाबा. तळव्यांना खळगे पडतील, पण खडू चिरडणार नाही. आता तोच खडू आडवा धरून बोटांनी किंचित वाकवा. टक् असा आवाज होतो आणि दोन तुकडे हातात येतात. खडू तोच, हातही तेच. मग एवढा फरक का पडावा?

वाकवताना खडूची एक बाजू दाबली जाते आणि विरुद्ध बाजू ताणली जाते. खडू दाब सहन करतो, ताण मात्र त्याला अजिबात सोसत नाही. ताणलेल्या बाजूला बारीक भेग पडते आणि क्षणार्धात ती आरपार जाते. काँक्रीटचा स्वभाव अगदी असाच आहे. रस्त्यासाठी वापरतात त्या प्रतीच्या काँक्रीटचा दहा सेंटिमीटरचा घन घेतला तर तो चिरडायला साधारण ४० टन भार लागतो. त्याच काँक्रीटची दहा सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर उंच आणि अर्धा मीटर लांबीची तुळई दोन टेकूंवर ठेवून वाकवली, तर ती सव्वा टनाच्याही आतच मोडते. शास्त्रीय भाषेत सांगायचे तर दाब सोसण्याची ताकद चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन आणि वाक सोसण्याची ४.५ न्यूटन, म्हणजे जवळजवळ नवव्या हिश्श्याइतकीच.

घराच्या खांबात काँक्रीटवर मुख्यतः दाब येतो. रस्त्याचे मात्र तसे नाही. रस्ता म्हणजे जमिनीवर पसरलेली पातळ लादी. चाक वर आले की लादी खाली वाकते आणि तिच्या तळाला ताण बसतो. म्हणून रस्त्याच्या काँक्रीटची खरी परीक्षा दाबाची नसून वाकण्याची असते.

ही परीक्षा किती कठीण असू शकते हे पाहायचे तर भिवंडी तालुक्यात जावे. राहनाळ, पूर्णा, कोपर, काल्हेर या गावांच्या शिवारात एकेकाळी भाताची खाचरे होती. मुंबईला लागून, पण तिच्या जकातीच्या हद्दीबाहेर, अशी ही जागा. साहजिकच इथे गोदामे उभी राहिली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे काही हलली नाहीत, उलट वाढली. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यात आमणे येथे संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो काँक्रीटचा आहे. तेथून पुढे मालमोटारी गोदामांकडे जातात त्या मात्र गावांच्या रस्त्यांवरून. त्याच रस्त्यांवरून मुले शाळेत जातात, यंत्रमागावरचे कामगार दुचाकीवरून पाळीला जातात. खड्डा चुकवायला दुचाकी वळते आणि मागून मालमोटार येते, ही बातमी दर पावसाळ्यात आपण वाचतो. तेव्हा रस्त्याला भेग का पडते हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही.

मालमोटारीचे वजन आणि रस्त्याचे नुकसान यांचे नाते सरळ प्रमाणाचे असते तर बरे झाले असते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सतत गाड्या फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून असे दिसले की नुकसान हे आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर नुकसान सोळा पट! मुलांना हे गणित घालण्यासारखे आहे. छोट्या मोटारीच्या एका आसावर अर्धा टन आणि मालमोटारीच्या आसावर दहा टन धरले, तर गुणोत्तर वीस. विसाचा चौथा घात एक लाख साठ हजार. म्हणजे मालमोटारीच्या एका आसाने जे नुकसान होते, ते करायला छोट्या मोटारीच्या आसाला एक लाख साठ हजार फेऱ्या माराव्या लागतील. आपल्या देशात २०१८ मध्ये चार चाकांच्या एकेरी आसावरील मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. वाढ दिसते तेरा टक्क्यांच्या आत. चौथा घात घेतला की नुकसान मात्र सुमारे बासष्ट टक्क्यांनी वाढते. हे कायदेशीर भाराचे झाले. जादा भरलेल्या गाडीचे गणित वाचकांनीच करावे.

चाकाच्या जोडीला ऊन असतेच. दुपारी लादीचा वरचा भाग तापून प्रसरण पावतो, खालचा थंड राहतो, आणि लादी मध्यभागी किंचित फुगते. पहाटे उलट होते. वरचा भाग आकसतो आणि कोपरे वर उचलतात, उन्हात वाळणाऱ्या पापडाच्या कडा उचलतात तशा. अशा अधांतरी कोपऱ्यावर पहाटेची मालमोटार आली की कोपरा मोडतो. रस्त्यावर भेगा हिंडून पाहिल्यात तर कोपऱ्याची तिरकी भेग तुम्हाला नक्की भेटेल. लादीला आकसता यावे म्हणून दर साडेचार मीटरांच्या आसपास मुद्दाम सांधे ठेवतात. तीस अंशांचा फरक पडला तर एवढी लादी सुमारे १.३५ मिलिमीटरने लहानमोठी होते. ही हालचाल क्षुल्लक वाटते. पण ती अडवली तर काँक्रीट स्वतःच आपली भेग शोधून काढते.

आणखी एक गोष्ट आहे थकव्याची. लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, वारंवार वाकवली की तुटते. काँक्रीटचेही तसेच. त्याच्या ताकदीच्या ४५ टक्क्यांपेक्षा कमी ताण असेल तर आवर्तनांना मर्यादा नाही असे रस्त्याच्या आराखड्यात धरतात. तोच ताण ५५ टक्के झाला तर सव्वा लाखाच्या आसपास आवर्तने, आणि ६५ टक्के झाला तर जेमतेम आठ हजार. ताणात दहा टक्क्यांची भर पडताच आयुष्य पंधराव्या हिश्श्यावर येते. म्हणून काँक्रीटची वाकण्याची ताकद थोडी जरी वाढवता आली तरी रस्त्याच्या आयुष्यात फार मोठा फरक पडतो. ती वाढवायची कशी?

पहिला उपाय सिमेंटमध्येच आहे. सिमेंट ‘वाळते’ असे आपण म्हणतो, ते खरे नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावते. त्यातील कॅल्शियम सिलिकेटांपासून एक चिकट, तंतुमय जेल तयार होते आणि हेच जेल वाळू व खडी यांना धरून ठेवते. पण या प्रक्रियेत एक उपपदार्थही निघतो, तो म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आपला विरवलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंटच्या घनभागात त्याचा वाटा पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका असतो. त्याचे चपटे स्फटिक खडीच्या पृष्ठभागापाशी गर्दी करतात. तेच काँक्रीटचे दुबळे ठिकाण. मोडलेल्या काँक्रीटचा तुकडा निरखून पाहा. भेग बहुधा खडीच्या कडेकडेने गेलेली असते.

या चुन्याला कामाला लावता येईल का? आपले जुने गवंडी तेच करत. चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, कालवून ते बांधकाम करत. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि पाण्यातही टिकणारा पदार्थ बनतो. रोमन लोक नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावची ज्वालामुखीची राख चुन्यात घालत. रोमच्या पँथिऑन मंदिराचा ४३ मीटर व्यासाचा घुमट अशाच काँक्रीटचा, लोखंडाच्या एकाही सळईविना, सुमारे १९०० वर्षे उभा आहे. त्या गावावरूनच अशा पदार्थांना पोझोलाना हे नाव पडले.

आजची आपली सुरखी म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांची उडती राख. भारतीय कोळशात राख फार. शंभर किलो कोळशामागे साधारण तीस-चाळीस किलो. भट्टीतून धुराबरोबर उडणारी ही राख विजेच्या साह्याने पकडतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेच्या गोट्यांसारखे गोल दिसतात. या गोलाईचा फायदा ओल्या काँक्रीटलाच मिळतो. कण एकमेकांवरून घरंगळतात आणि कमी पाण्यात काँक्रीट नीट पसरते. पुढे आठवड्यामागून आठवडे ही राख तो मोकळा चुना खाते आणि त्याचे जेल करते. दुबळी जागा बुजत जाते, छिद्रे बारीक होतात. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये अशी राख १५ ते ३५ टक्के घालता येते. भिवंडीला त्यातल्या त्यात जवळची राख म्हणजे नाशिकजवळच्या एकलहऱ्याची आणि डहाणूची. लोखंडाच्या भट्टीवर तरंगणारी मळी पाण्याने एकदम थंड करून दळली, तर तीही असेच काम करते. रायगड जिल्ह्यात डोलवी येथे पोलादाचा मोठा कारखाना आहेच. मळीच्या सिमेंटमध्ये मळीचे प्रमाण २५ पासून थेट ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अशा सिमेंटना मिश्र सिमेंट म्हणतात. त्यात सिलिकेच्या धुराचे अतिसूक्ष्म कण, सिमेंटच्या कणापेक्षा शंभरेक पट बारीक, थोड्या प्रमाणात मिसळले की खडीलगतची पोकळीही भरते. पण हा धूर महाग, गावच्या रस्त्याला परवडणारा नव्हे.

मिश्र सिमेंटचा आणखी एक लाभ रसायनाच्या शिक्षकांनी वर्गात जरूर मांडावा. चुनखडी भाजताना शंभर ग्रॅम चुनखडीतून ५६ ग्रॅम कळीचा चुना आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. सिमेंटच्या क्लिंकरमध्ये सुमारे ६५ टक्के कळीचा चुना असतो. म्हणजे एक टन क्लिंकरमागे केवळ चुनखडीतूनच अर्धा टन वायू हवेत जातो, इंधनाचा धूर वेगळा. जितके क्लिंकर राखेने वाचवले तितका हा वायू वाचला.

मग अडचण कुठे आहे? वेळेत. राखेची क्रिया संथ असते. सातव्या दिवशी राखेचे काँक्रीट साध्या काँक्रीटच्या मागे असते, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास ते त्याला गाठू लागते आणि तीन महिन्यांनी बहुधा पुढे निघून जाते. या सगळ्या काळात, निदान सुरुवातीचे दोन आठवडे, त्याला पाणी हवे. आपल्या मानकात साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला दहा दिवस ओले ठेवायला सांगितले आहे. हवा कोरडी व उष्ण असेल तर अनुक्रमे दहा आणि चौदा. आपल्याकडे रस्त्यांची कामे मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, घाईने उरकली जातात. चार दिवस गोणपाट भिजवले, पाचव्या दिवशी टँकर आला नाही, सहाव्या दिवशी रस्ता खुला! अशा रस्त्यात राख ही निव्वळ भरताड ठरते आणि दोष ‘भेसळीच्या सिमेंट’ला दिला जातो. माझ्या मते मिश्र सिमेंटविषयी लोकांच्या मनात जो संशय आहे, त्यातला बराचसा या अपुऱ्या पाण्याने पेरलेला आहे. गंमत अशी की नंतर जिथे पाणी तोडले जाते, तिथेच कालवताना ते सढळ हाताने ओतलेले असते. काँक्रीट पातळ केले की पसरायला सोपे जाते, पण संयोगाला न लागलेले पाणी उडून जाते आणि मागे छिद्रे राहतात.

राखेने काँक्रीट घट्ट होते, पण त्याचा खडूसारखा स्वभाव बदलत नाही. घट्ट खडूही शेवटी टक् करूनच मोडतो. तिथे दुसरा उपाय लागतो, तो तंतूंचा. हाही मूळचा आपल्या ओळखीचा. ठाणे जिल्ह्यातील कुडाची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कारवीच्या काठ्यांवर लिंपलेली माती आठवेल. त्या मातीत शेण आणि भाताचा पेंढा तुडवून घालत. नुसती माती वाळताना तडकते. पेंढ्याच्या काड्या मात्र तड्याच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात. पोलादाचे तंतू काँक्रीटमध्ये हेच करतात. जवळजवळ ठेवलेल्या तारा भेगेला कशा रोखतात याचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेत रोमुआल्डी व बॅटसन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला आणि तेथून या विषयाला वेग आला.

रस्त्यासाठी वापरतात ते तंतू बहुधा तीन ते सहा सेंटिमीटर लांब आणि अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतात. त्यांची टोके आकड्यासारखी वाकवलेली असतात. समजा, सहा सेंटिमीटर लांब आणि पाऊण मिलिमीटर जाड तंतू घेतले आणि काँक्रीटच्या आकारमानाच्या केवळ अर्धा टक्का घातले. एका घनमीटरला सुमारे ३९ किलो पोलाद लागले. त्यात तंतू किती? एका तंतूचे वजन ०.२ ग्रॅमच्या किंचित वर, तेव्हा जवळजवळ एक लाख नव्वद हजार. ते एकापुढे एक मांडले तर लांबी ११ किलोमीटरांहून जास्त. ठाण्याहून निघून भिवंडीच्या वेशीपर्यंत सहज पोहोचेल एवढी तार एका घनमीटरमध्ये सर्व दिशांना विखुरलेली! भेग कुठूनही निघो, तिला वाटेत तंतू आडवा येणारच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एवढ्याशा प्रमाणात तंतू घातल्याने पहिली भेग पडण्याचा भार फारसा वाढत नाही. फरक पडतो तो भेग पडल्यानंतर. साध्या काँक्रीटची तुळई प्रयोगशाळेतील यंत्रावर मोडते तेव्हा भार दाखवणारा काटा एकदम शून्यावर येतो आणि दोन तुकडे खाली पडतात. तंतूंची तुळई भेगाळते, काटा थोडा खाली येतो, आणि मग ती वाकत राहते, भार घेत राहते. कान देऊन ऐकले तर आतून बारीक करकर ऐकू येते. ते तंतू काँक्रीटमधून उपसले जात असल्याचे. चांगल्या तंतूने तुटायचे नसते, रेटत रेटत उपसून यायचे असते. आकडा सरळ होताना आणि तंतू घसरताना जी ऊर्जा खर्च होते, ती एरवी भेग वाढवण्यात गेली असती. यालाच चिवटपणा म्हणतात. ताकद आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; खडू आणि वादी यांत जो फरक तोच.

भेग केसासारखी बारीक राहिली की तिच्या दोन्ही काठांवरची खडी एकमेकींत अडकून राहते आणि चाकाचा भार पलीकडच्या भागाकडे जातो. पावसाचे पाणीही आत कमी शिरते. हे दुसरे फार महत्त्वाचे. भिवंडीच्या खाडीकाठच्या भातशेतीची जमीन मऊ, चिकण. पाणी लागले की फुगते, चाकाच्या दाबाने चिखल होऊन सांध्यातून वर उसळते, आणि लादीखाली पोकळी होते. खालचा थर खचला तर वर राख घाला की तारा, लादी मोडणारच. तेथे पैसा आधी खाली, मुरमाच्या भरावात आणि कोरड्या कृश काँक्रीटच्या थरात घालावा लागतो. मुंबईतील मरीन ड्राइव्हचा काँक्रीटचा रस्ता १९४० च्या सुमाराचा. त्याने मोठी दुरुस्ती न लागता सुमारे सत्तर वर्षे काढली. त्यात ना तंतू होते ना उडती राख. तेव्हा चांगल्या पायाला आणि निगुतीच्या कामाला पर्याय आहे असे कोणी समजू नये.

तरीही राख आणि तंतू यांची जोडी एकमेकांना पूरक आहे. तंतू उपसला जाताना त्याला धरून ठेवते ते त्याच्याभोवतीचे सिमेंटचे पातळ वेष्टन. राखेमुळे हे वेष्टन दाट होते आणि पकड वाढते. उलट, राख चुना खाते म्हणजे काँक्रीटचा अल्कधर्मी गुण काहीसा कमी होतो, आणि पोलाद गंजू न देणारा तर हाच गुण. पण दाट झालेल्या काँक्रीटमधून खाडीचे क्षार आणि हवा यांचा शिरकावही मंदावतो, त्यामुळे नीट भिजवलेल्या कामात जमेची बाजू वरचढ ठरते. पृष्ठभागावर उघडे राहिलेले तंतू मात्र गंजतात, ठिपके दिसतात. ते दिसायला वाईट, पण आतवर जात नाहीत. खरी काळजी घ्यायची ती मिसळताना. तंतू एकदम ओतले तर त्यांचे गवताच्या पेंढीसारखे गोळे होतात आणि गोळ्याभोवती पोकळी राहते. ते हळूहळू, भुरभुरवत घालावे लागतात.

जाडीचे गणितही पाहू. लादीतील ताण साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वाकण्याची ताकद ४.५ वरून ५.५ न्यूटनपर्यंत नेता आली, तर तीस सेंटिमीटरच्या लादीऐवजी सत्तावीस सेंटिमीटरची चालू शकते. वाचलेल्या तीन सेंटिमीटरांत तंतूंचा खर्च निघेलच असे नाही. म्हणून मला विचाराल तर राख सर्वत्र वापरावी आणि तंतू जागा पाहून. गोदामाची फरशी, जिच्यावर काट्याच्या गाड्यांची लहान, टणक चाके दिवसभर सांधे ठोकत असतात, गोदामापुढचे मालमोटारी वळवायचे अंगण, नाका, वजनकाट्याचा तळ, जुन्या रस्त्यावर चढवलेला पातळ थर. अशा ठिकाणी तंतू आपली किंमत वसूल करतात. गावातल्या आळीच्या रस्त्याला त्यांची गरज नाही. तिथे चौदा दिवस पाणी मारणारा माणूस पुरेसा आहे.

हे सारे शाळेत करून पाहता येते. दोन सेंटिमीटर रुंद, तेवढ्याच उंच आणि तीस सेंटिमीटर लांब असे लाकडी साचे सुताराकडून करून घ्या. आतून तेल लावा. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू आणि सिमेंटच्या वजनाच्या निम्मे पाणी. साध्या सिमेंटच्या कांबी, पोझोलाना सिमेंटच्या कांबी, आणि बारीक बाइंडिंगच्या तारेचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे, टोके वाकवून, कांबीमागे दहा ग्रॅम घातलेल्या कांबी, असे तीन गट करा. प्रत्येक गटात नऊ कांबी असाव्यात, कारण एकाच कांबीवर विश्वास ठेवता येत नाही. सिमेंट हातांना झोंबते, तेव्हा हातमोजे घाला. दुसऱ्या दिवशी साचे सोडवून कांबी पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवा. गटागटाने तीन कांबी सातव्या, तीन अठ्ठाविसाव्या आणि तीन नव्वदाव्या दिवशी बाहेर काढा. पंचवीस सेंटिमीटर अंतरावर दोन विटांच्या कडांवर आडव्या ठेवा. मध्यावर दोरीने बादली टांगून तिच्यात तांब्यातांब्याने पाणी ओता. दहा-बारा किलोच्या आसपास साधी कांब मोडेल. बादली जमिनीपासून चार बोटेच वर असू द्या, म्हणजे पडल्यावर पाय वाचतील. तारेच्या कांबीला भेग दिसली तरी ओतणे थांबवू नका. ती किती वाकते आणि आणखी किती पाणी घेते तेही लिहा. चौथा गट करायची तयारी असेल तर पोझोलाना सिमेंटच्या काही कांबी तीन दिवसांनीच टाकीतून काढून उन्हात ठेवा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कांबी ओतल्या तर नव्वदावा दिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिवाळीच्या आगेमागे येतो. सुटीत टाकीचे पाणी आटणार नाही याची जबाबदारी कोणावर तरी सोपवून ठेवा.